‘सुख टोचतंय तुला!’

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

“दीड वर्षापूर्वी आम्ही महानगरातलं अकराव्या मजल्यावरचं घर भाड्याने दिलं आणि समुद्रकाठच्या एका लहान शहरात राहायला आलो. मी 51 वर्षांची, हे 54 चे. यांचं काम संगणकावरचं, कुठूनही होतं. मी मात्र 22 वर्षांची हिशेबनिसाची नोकरी सोडली. सोबत सासूबाई आहेत. वाळू घरापासून चालत पाच मिनिटांवर. सगळे म्हणतात, नशीब काढलंत. आणि मला काय आठवतं, तर लिफ्टमध्ये भेटणारी सातव्या मजल्यावरची बाई, जिचं नावही मला धड माहीत नव्हतं. औषधाच्या दुकानातला मुलगा, जो मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायचा. ऑफिसच्या बसमधली माझी खिडकी. इथे कुलपं गंजतात, मिस्त्री ‘परवा येतो’ म्हणतो. सुट्ट्या लागल्या की पाहुण्यांची रांग आणि पाहुणे गेले की दिवसचे दिवस बाहेरच्या माणसाशी चार वाक्यं होत नाहीत. रोज सकाळी सहाला फिरायला जाते, पण माणसं रोज वेगळी. कधी तर फिरायला वाळूच नसते. सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी अडीच तासांचा प्रवास. यांना काही सांगायला गेलं की म्हणतात, ‘सुख टोचतंय तुला!’ चार महिन्यांनी तिकडच्या घराचा भाडेकरार संपतोय. परत जावं का? की मीच कृतघ्न आहे?”

ताई,

कृतघ्न वगैरे काही नाही तुम्ही. हा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो मनात घर करून बसला असेल तर बाकीच्या प्रश्नांचा विचार सरळ होणार नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट चटकन नजरेत भरते. मोठं शहर सोडलेल्या माणसाने ज्यासाठी हळहळावं असं आपण धरून चालतो, म्हणजे नाट्यगृहं, भरलेली दुकानं, रात्री उशिरापर्यंतची वर्दळ, त्यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. लिहिली आहेत ती माणसं, आणि तीही जवळची नव्हेत. बहीण नाही, मैत्रीण नाही. त्यांच्याशी फोनवर बोलणं होतच असणार. आठवते ती लिफ्टमधली बाई. समुद्रकाठी राहायला गेलेल्यांची पत्रं या सदराकडे अधूनमधून येतात आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचा सूर हाच असतो. एका गृहस्थांना जुन्या वाचनालयातल्या, कधीही न हसणाऱ्या कर्मचाऱ्याची आठवण छळत होती. न हसणाऱ्या!

आता ‘नशीब काढलंत’ म्हणणाऱ्यांकडे वळू. 1998 साली डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या दोघा संशोधकांनी (कानेमन यांना पुढे 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. एक गट दक्षिण कॅलिफोर्नियातला, दुसरा देशाच्या मधल्या, कडाक्याच्या थंडीच्या पट्ट्यातला. स्वतःच्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, याची दोन्हीकडची उत्तरं जवळपास सारखी निघाली. पण तुमच्यासारखाच कुणी तिकडे राहत असेल तर त्याचं काय, असं ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर दोन्हीकडे एकच होतं: कॅलिफोर्नियावाला जास्त समाधानी असणार. लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तिथली हवा येते, राहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या दिवसाची कामं असतात. तुमच्या नातेवाइकांना तुमची वाळू दिसते. अडकलेली किल्ली दिसत नाही आणि तिचा फोटो तुम्हीही कुणाला पाठवत नाही.

समुद्राचा गुण अजिबात नाही, असं मात्र म्हणू नका. इंग्लंडमधल्या लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासून एक्सिटर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की किनाऱ्याच्या जवळ राहत असतानाच्या काळात तीच माणसं आपली तब्येत थोडी बरी आणि मन थोडं हलकं असल्याचं सांगतात. थोडी, थोडं. हे शब्द ‘नशीब काढलंत’मध्ये मावत नाहीत, म्हणून गोंधळ होतो.

यजमानांना हा भाग वाचायला द्या. त्यांनी घर बदललं, माणसं बदलली नाहीत. सकाळी संगणक उघडला की तेच सहकारी, तेच विनोद, त्याच कुरबुरी. हातचं काही गेलं नाही आणि वर समुद्र मिळाला. तुम्ही नोकरी सोडलीत, आणि तिच्याबरोबर बस, लिफ्ट, कोपऱ्यावरचं दुकान, महिनाअखेरीची ओढाताण आणि ती संपल्यावरचा सुटकेचा श्वास, सगळंच सुटलं. स्थलांतर दोघांनी मिळून केलं, त्याची किंमत एकटीने मोजली. त्यांना तुमचं कळत नाही यात दुष्टपणा नाही, त्यांच्या वाट्याला ते आलंच नाही एवढंच. पण कळत नाही म्हणून ‘सुख टोचतंय तुला’ हे वाक्य बोलायची मुभाही मिळत नाही. ते या घरातून हद्दपार करा, अगदी गमतीतसुद्धा.

तोंडओळखीच्या माणसांचं महत्त्व ही काही माझी कल्पना नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच अशा सैल नात्यांवर लिहिलं होतं. त्याचा रोख, बातम्या आणि संधी आपल्यापर्यंत कुणाकडून पोहोचतात यावर होता. 2014 मध्ये जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी तीच गोष्ट मनाच्या बाजूने तपासली. ज्या दिवशी अशा वरवरच्या ओळखीतल्या लोकांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी माणसं जास्त खुशीत असल्याचं आढळलं. मला यात नवल वाटत नाही. मैत्रिणीला ‘कशी आहेस’ विचारलं की खरं उत्तर येतं, आणि मग ते ऐकून घ्यावं लागतं, पेलावं लागतं. लिफ्टमध्ये ‘आज लवकर?’ एवढं पुरतं. सात मजल्यांचा तो संवाद कुणावर ओझं टाकत नाही. शिवाय त्या बाईच्या लेखी तुम्ही कुणाची सून नव्हता, कुणाची बायको नव्हता. सकाळी ठरल्या वेळी घाईत निघणाऱ्या, स्वतःच्या कामाला जाणाऱ्या बाई होता. इथे तुम्हाला सगळे ओळखतात, पण ‘त्या नव्या घरातल्या’ म्हणून. ओळखतात आणि बोलत नाहीत, हे मोठ्या शहराच्या अगदी उलटं झालं.

आता तुमच्या सकाळी सहाच्या फेरीबद्दल. हे मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं, आणि तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि त्याच्यामागे भरतीही तेवढीच पुढे सरकते. बहुतेक किनाऱ्यांवर साधारण 24 तास 50 मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे आज सहाला ओहोटी असेल आणि कडक, ओल्या वाळूवरून झकास चालता येत असेल, तर आठवड्याभरात त्याच वेळी पाणी वरपर्यंत आलेलं असतं आणि उरलेल्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात. पंधरवड्याने वेळ पुन्हा जुळते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी आणखी आत येतं, आणि ओहोटीला आणखी लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फारसा फरक पडत नाही. इथली जाणती माणसं घड्याळ बघून वाळूवर उतरत नाहीत, पाणी बघून उतरतात.

शहरातल्या बागेत सहाला गेलं की तीच तोंडं भेटायची, कारण बाग सहाला जिथल्या तिथे असायची. इथे ठरल्या वेळेला जाणारी माणसं एकमेकांना चुकवतच राहतात. तेव्हा तुमच्या गावासाठीचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवा, भिंतीवर लावा आणि महिनाभर ओहोटीच्या वेळेला जाऊन बघा. जाळी बघायला येणारे, कुत्रं फिरवणारे, शिंपले वेचणारे, दम्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलेले काका, हे सगळे त्याच वेळेला असतात. पहिले काही दिवस नुसती मान हलवा. नाव विचारायची घाई नको. लिफ्टमध्ये तरी कुठे विचारलं होतंत?

एवढ्याने मैत्री होईल असं मी म्हणत नाही. 2018 मध्ये जेफ्री हॉल या संशोधकाचा एक अभ्यास आला. त्याच्या एका भागात नुकतंच गाव बदललेल्या प्रौढांनाच नव्या ओळखींबद्दल विचारलं होतं. ओळखीची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले अंदाजे 50 तास लागतात, खरी मैत्री व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 च्या वर, असा त्याचा हिशेब आहे. तुम्ही हिशेबनीस आहात, मांडून बघा: आठवड्याला एक तास भेटणाऱ्या माणसाशी साधी मैत्री व्हायला वर्ष लागतं. तुमच्या दीड वर्षात कुणाबरोबर किती तास भरले? बहुधा पाहुण्यांबरोबरच सगळ्यात जास्त, आणि ते तर निघून गेले.

दुसरी बाजूही ऐका. अशा गावांनी तुमच्यासारखे बरेच पाहिलेले असतात. हौसेने घर घेतात, दोन पावसाळे काढतात, विकून जातात. बाहेरच्यांच्या येण्याने जागांचे भाव चढतात ते वेगळंच, आणि त्याची झळ गावातल्या तरुण जोडप्यांना लागते. तेव्हा तुम्ही टिकणार की जाणार हे कळेपर्यंत लोक हात राखून वागले तर राग मानू नये. गावाने दार उघडावं म्हणून वाट बघत बसू नका, गावाला लागेल असं काहीतरी घेऊन जा. तुमच्याकडे ते आहे. लहान गावातलं वाचनालय, पाहुण्यांना खोल्या देणारी घरं, मासळीचा धंदा करणाऱ्या बायकांचा बचत गट, होड्या दुरुस्त करणारा कारखाना, या सगळ्यांकडे वह्या असतात आणि त्या वेळेवर लिहिणारं कुणी नसतं. आठवड्यातले दोन दिवस, ठरल्या वेळेला, एकाच ठिकाणी जाऊन बसा. सुरुवातीला मोबदला थोडा मिळेल, पण मिळाला पाहिजे. फुकट काम करणाऱ्या बाईला लोक नमस्कार करतात, मोबदला घेणाऱ्या बाईशी भांडतात, आणि तुम्हाला सध्या भांडणाऱ्यांची जास्त गरज आहे. छंदवर्ग, योगवर्ग यांना माझा विरोध नाही. पण तिथे सगळे एका दिशेला तोंड करून बसतात.

गंजाची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. घर बदलताना हे काम कुणाच्याच हिशेबात नसतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटतात तेव्हा त्याचे बारीक थेंब वाऱ्यावर चढतात आणि बिजागरी, कुलूप, खिडकीची जाळी, पंख्याची पाती, सगळ्यांवर बसतात. मीठ हवेतली ओल खेचतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ आपोआप विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठातले दुसरे क्षार त्याही आधी. म्हणून पाऊस नसतानाही लोखंडावर कायम एक अदृश्य ओला थर असतो. उपाय कंटाळवाणा आहे: आठवड्याला गोड्या पाण्याचं फडकं, मग कोरडं फडकं. कुलपात तेल ओतू नका, त्यावर वाळूची धूळ चिकटते. कुलपांसाठी मिळणारं कोरडं वंगण घाला. नवीन बिजागऱ्या, कड्या घेताना साधं स्टील न घेता 316 प्रतीचं स्टेनलेस स्टील मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत जास्त तग धरतं. आणि हे सगळं काम यजमानांच्या नावावर लिहा. ज्याला वाळू आवडते त्याने मीठ पुसावं.

मिस्त्रीचं असं आहे की मोसमात तो खोल्या भाड्याने देणाऱ्यांकडे अडकलेला असतो, तिथून त्याचं पोट चालतं. पर्यटक ओसरले की मग त्याला बोलवा, दोन-चार कामं साठवून, एकाच दिवसाची. ‘परवा’चा ‘उद्या’ होतो.

पाहुण्यांचं काय करायचं ते तुम्हाला आतून ठाऊक आहेच, फक्त बोलायला जीभ रेटत नाही. त्यांची सुट्टी असते, तुमचा कामाचा दिवस असतो. ओले टॉवेल, स्नानगृहातली वाळू, गाडी कुठे लावायची, आज कुठे न्यायचं. वर ‘तुमचं काय बाई, रोजच सुट्टी’ हे ऐकायचं. यापुढे निमंत्रण तुमच्या तारखांना द्या आणि पर्यटकांच्या गर्दीचे दिवस त्यातून वगळा. जवळच्या एखाद्या घरगुती निवासाचा नंबर हाताशी ठेवा. जो तरीही तुमच्याकडेच उतरायचा आग्रह धरेल तो खरंच तुम्हाला भेटायला येतोय. त्याला येऊ द्या, आणि तो बसलेला असताना भाजी निवडायला त्याच्याच हातात द्या.

हवेबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेकांना ते दुसऱ्या वर्षी जाणवतं. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, त्यामुळे समुद्राकाठी दिवस-रात्रीच्या तापमानात आणि ऋतूंमध्येही फार तफावत पडत नाही. कडक थंडीची सवय असलेल्याला वर्ष सपाट वाटतं. त्यावर इलाज नाही, थंडीत आठवडाभर दुसरीकडे जाऊन या.

आता भाडेकरार. परत गेलात तर काय मिळेल, याचा विचार करताना एक गोष्ट विसरू नका: तुम्हाला जे आठवतं ते घरात नव्हतं, रोजच्या जाण्या-येण्यात होतं. नोकरी नसताना, बसची वेळ नसताना, तुम्ही त्या अकराव्या मजल्यावर दिवसभर बसलात तर लिफ्टमध्ये कोण भेटणार? परत जायचंच असेल तर काम शोधून जा, नुसतं घर गाठू नका. आणि जायच्या आधी तिकडे आठवडाभर राहून या, पाहुणी म्हणून नव्हे. भाड्याची खोली घ्या, सकाळी बसने कुठेतरी जा, संध्याकाळी त्याच गर्दीतून या. आवडलं तर ती खरी माहिती झाली. नाही आवडलं तर तीही. त्या आठवड्यात यजमानांनी इथे सासूबाईंचं, मिस्त्रीचं आणि मिठाचं बघावं. त्यातून त्यांनाही थोडी माहिती मिळेल.

तोवर करार वाढवा, पण कमी मुदतीचा, आणि घर विकू मुळीच नका. या वर्षात वह्यांचं काम लागलं, ओहोटीच्या वेळची तोंडं ओळखीची झाली आणि घरातली कामं वाटली गेली, तर राहायला हरकत नाही. यातलं काही न जमता वर्ष सरलं तर परत जा. त्यात हार वगैरे मानू नका, यजमानांचं काम तिकडूनही होतंच.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे आणि ती आठवणींमध्ये मोजू नका: सासूबाईंचे अडीच तास. डोळ्यांची तपासणी पुढे ढकलता येते. पक्षाघाताचा झटका आला तर रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं दिसल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचं सीटी स्कॅन करावं लागतं. आपल्याकडच्या लहान दवाखान्यात काय होतं आणि काय होत नाही, रात्री रुग्णवाहिका किती वेळात येते, स्कॅनची सोय असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठलं आणि मोसमातल्या गर्दीत तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे दोघांनी मिळून याच आठवड्यात विचारून या. एकदा गर्दीच्या दिवशी स्वतः गाडी घेऊन जाऊन बघा. ते उत्तर ठीक नसेल तर करार वाढवू नका, बाकी सगळं जुळून आलं असलं तरी.